केइको फुकुदा

केइको फुकुदा (१२ एप्रिल, १९१३:टोकियो, जपान - ९ फेब्रुवारी, २०१३:सॅन फ्रान्सिस्को, अमेरिका) या जपानी-अमेरिकन ज्यूदोपटू व प्रशिक्षक होत्या. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांना जुजुत्सू शिकविणारे हाचिनोसुके फुकुदा हे त्यांचे आजोबा. १९३५ साली त्यांनी कानो यांच्या कोदोकान या संस्थेत शिक्षणास प्रारंभ केला. विवाहानंतर ज्यूदो सोडावा लागेल, हे जाणून त्या अविवाहित राहिल्या. १९६० च्या दशकात त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या.

वार्धक्यातील साधना

ज्यूदोमध्ये वारंवार पडावे लागते आणि उतारवयात शरीराला हे आघात सोसत नाहीत. फुकुदा यांचे प्रभुत्व 'जू-नो-काता' या प्रकारावर होते. त्यातील १५ डाव संथ गतीने केले जातात. जोडीदाराचा तोल घालवतात, त्याला उचलतातही. परंतु जमिनीवर आपटत नाहीत. त्यामुळे बळ ओसरले तरी तोल आणि हालचालीचा अभ्यास चालू ठेवता येतो. नव्वदी ओलांडल्यावरही फुकुदा आठवड्यातून तीन वेळा शिकवीत असत.

श्रेणी

त्यांच्या प्रगतीत वयापेक्षा नियमाचा अडसर मोठा ठरला. कोदोकानमध्ये महिलांना पाचव्या डॅनपुढे बढती मिळत नसल्याने त्या सुमारे २० वर्षे त्याच श्रेणीत राहिल्या. या नियमाविरुद्ध आवाज उठल्यानंतर १९७२ साली त्यांना सहावा डॅन मिळाला. कोदोकानने २००६ मध्ये नववा, तर अमेरिकेच्या ज्यूदो संघटनेने २०११ मध्ये दहावा डॅन दिला. तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या.