डिफेनबाखिया: लागण उसासारखी, खाज अळूसारखी

शिरूर-दौंडकडच्या आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न निघतो, शोभेची रोपं करून विकता येतील का? सोलापूर रस्त्यानं जाताना उरुळी कांचनच्या आसपासच्या रोपवाटिका आपण पाहतोच. तिथं रुंद हिरव्या पानांवर पांढरट शिंतोडे उडाल्यासारखं एक झाड असतं. ते डिफेनबाखिया. आज त्याची माहिती घेऊ.

हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. आपल्याकडचं ऊन आणि कोरडा वारा त्याला सोसत नाही. म्हणून कुंडी ओसरीत किंवा शेडनेटखाली ठेवा. उजेड भरपूर हवा, पण दुपारचं ऊन नको, पानं करपतात. हिवाळ्यात पहाटेच्या गारठ्यात कुंड्या आत घ्या.

नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. पोयटा, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट किंवा वाळू सारख्या प्रमाणात घ्या. कुंडीला खाली भोक हवंच. बोट घालून बघा, वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी द्या. बोअरच्या क्षारांनी मातीवर पांढरा थर येतो, पानांची टोकं तपकिरी होतात. पावसाचं पाणी साठवलं असेल तर ते वापरा.

रोपं वाढवणं आपल्याला शिकवायला नको, कारण लागण उसासारखीच. झाड उंच होऊन खालची पानं गळली, की चार-पाच पानांचा शेंडा कापून वेगळा लावा. उरलेल्या खोडाची दोन-दोन डोळ्यांची टिपरी करा. काप एक दिवस सावलीत सुकू द्या, मग टिपरी ओलसर वाळूत आडवी, अर्धी दाबा. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. जुन्या बुडख्यालाही नवा फुटवा येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे झाड अळूच्या घराण्यातलं. अळू कच्चं राहिलं की घसा खवखवतो, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. डिफेनबाखियातही तेच असतात. पान किंवा खोड चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते, बोलता येत नाही. इंग्रजीत याला 'मुका ऊस' अशाच अर्थाचं नाव आहे. अळू आपण चिंच घालून शिजवतो. हे मात्र शिजवूनही खायचं नाही. आपल्याकडची पोरं उसाचं कांडं दिसलं की तोंडात घालतात, म्हणून कापलेली टिपरी अंगणात पडू देऊ नका. शेळ्या आणि वासरंही लांब ठेवा.

कापताना हातमोजे घाला, नंतर हात आणि सुरी साबणानं धुवा. चीक डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि दवाखाना गाठा. मुलानं चावलं तर तोंड पुसा, चूळ भरायला लावा, गार पाणी किंवा दूध घोट-घोट द्या. उलटी करवू नका. डॉक्टरांना दाखवा, घसा सुजला, श्वास अडला तर लगेच १०८ ला फोन करा.

रोप विकताना गिऱ्हाइकालाही हे सांगा. आणि गटाचं कर्ज काढून शेडनेट उभारण्याआधी दहा कुंड्या एक उन्हाळा जगवून बघा. त्या तगल्या, की पुढचा हिशोब बैठकीत मांडू.