जून आला की ऑस्ट्रेलियातली रिटायर्ड जोडपी गाडीला घर जोडून उत्तरेला का निघतात?

जुलैमधली मेलबर्नची सकाळ. बाहेर 7 अंश तापमान, आभाळ करडं, बारीक पाऊस सुरू आणि घरातला हीटर रात्रीपासून चालू. जुलैमध्ये थंडी कशी, असा प्रश्न पडला असेल तर ऑस्ट्रेलिया विषुववृत्ताच्या खाली आहे. तिकडं जून ते ऑगस्ट हा हिवाळा.

त्याच सकाळी त्याच देशातल्या टाउन्सव्हिल नावाच्या शहरात मात्र लोक हाफ पँट घालून समुद्राकाठी फिरत असतात. दुपारी पारा 25 वर जातो, पावसाचं नाव नसतं.

नकाशात बघितलं तर यात एक गंमत सापडते. मुंबई विषुववृत्ताच्या वर साधारण 19 अंशांवर आहे आणि टाउन्सव्हिल विषुववृत्ताच्या खाली जवळपास तेवढ्याच अंतरावर. मुंबईकर जानेवारीत ज्या हवेची वाट बघत असतो तसलीच हवा, किंबहुना थोडी आणखी गार, टाउन्सव्हिलला जुलैमध्ये मिळते. आणि त्या हवेसाठी दक्षिणेकडची रिटायर्ड जोडपी दरवर्षी अडीच हजार किलोमीटर गाडी हाकत येतात. विमानानं नाही, हॉटेलातही नाही. घर मागं बांधून.

या लोकांना तिकडं ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, यांचं गाडीच्या मागं.

कॅरॅव्हॅन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन येते. ही तशी नाही. हिला स्वतःचं इंजिन नसतं. चाकांवरची एक लांबट खोली, जी दणकट गाडीच्या मागं हुकाला अडकवून ओढायची. आत 19-20 फुटांत डबल बेड, गॅसची शेगडी, फ्रिज, बसायला टेबल, बहुतेकांच्यात संडास-बाथरूम आणि कधीकधी छोटं वॉशिंग मशीनसुद्धा. सामान भरल्यावर वजन अडीच टनांच्या आसपास. आणि हे सगळं ओढायला साधं कारचं लायसन्स पुरतं.

आता असं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. ते सत्तरीचे, आयुष्यभर वायरिंगची कामं केलेले. त्या अडुसष्टच्या, रिटायर्ड नर्स. त्यांचे गुडघे थंडीत धरतात, यांना दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय. मेलबर्नच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडं, मांजर मुलीकडं, आणि मे संपता संपता गाडी रस्त्याला.

मेलबर्नहून वर जायचा नेहमीचा रस्ता म्हणजे न्यूएल हायवे. व्हिक्टोरियाची हद्द संपते तिथून क्वीन्सलँडच्या हद्दीपर्यंत, हजार किलोमीटरहून जास्त. गव्हाची शेतं, मेंढ्या, पार्क्स गावाजवळची ती प्रचंड रेडिओ दुर्बीण. घाई कुणालाच नसते. रोज तीनशे-चारशे किलोमीटर, दर दोन तासांनी थांबा आणि अंधार पडायच्या आत मुक्काम. कारण संध्याकाळ झाली की कांगारू रस्त्यावर येतात.

पण या प्रवासात सगळ्यात जास्त डोकं कशात जातं? तर वजनात. टाकीतलं एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटर पाणी भरलं की एक क्विंटल वाढला. त्यातून जड सामान कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकाला रचलं तर शेपूट डोलायला लागते. शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला की ते डोलणं इतकं वाढू शकतं की पुढची गाडीही ओढली जाऊन उलटते. म्हणून एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार पुढच्या हुकावर ठेवायचा, जड वस्तू चाकांच्या वर मांडायच्या, आणि डोलायला लागलीच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक हातानं लावायचे. घाबरलेल्या माणसाचा पाय नेमका उलटं करतो, म्हणून तिकडं कॅरॅव्हॅन ओढायचे वर्ग चालतात.

पण टाउन्सव्हिलच का? याच किनाऱ्यावर याहून देखणी गावं आहेत.

समुद्र तर आहेच. द स्ट्रँड नावाचा 2.2 किलोमीटरचा समुद्रकिनारा, त्याच्या टोकाला समुद्राच्या पाण्याचा फुकट तलाव, समोर फेरीनं वीसेक मिनिटांवर मॅग्नेटिक आयलंड, जिथं झाडांवर कोआला झोपलेले दिसतात. होकायंत्र बिघडलं असं वाटून कॅप्टन कुकनं 1770 मध्ये बेटाला हे नाव दिलं. पण म्हाताऱ्या माणसांना खरा दिलासा देणारी गोष्ट पर्यटनाच्या जाहिरातीत नसते. ती म्हणजे मोठं सरकारी हॉस्पिटल. उत्तर क्वीन्सलँडचं हे मुख्य हॉस्पिटल, हृदयाच्या ऑपरेशनपासून कॅन्सरच्या उपचारांपर्यंत सगळं इथं होतं. आतल्या भागात, जिथं शेजारचं गाव दोनशे किलोमीटरवर असतं, तिथं छातीत कळ आली तर फ्लाइंग डॉक्टरचं विमान बोलवावं लागतं. ही सेवा 1928 पासून सुरू आहे आणि उत्तमही आहे, पण स्टेंटवाल्या माणसाला हॉस्पिटल जवळ असलेलं बरं.

मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना देशभर चालते. औषधाची चिठ्ठी मेलबर्नचा डॉक्टर फोनवर पाठवतो, टाउन्सव्हिलचा केमिस्ट ती स्कॅन करून गोळ्या देतो. फक्त ॲम्ब्युलन्स मेडिकेअरमध्ये येत नाही, तिचे नियम राज्याराज्यात वेगळे. शहाणी माणसं निघण्याआधी ते बघून घेतात. बाकीच्यांना बिल आल्यावर कळतं.

हिवाळाच निवडायला आणखी एक कारण आहे. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात इथल्या पाण्यात बॉक्स जेलीफिश असतात, ज्यांचा डंख जीव घेऊ शकतो. चक्रीवादळांचा मोसमही नोव्हेंबर ते एप्रिल. 2019 च्या फेब्रुवारीत तर अर्धं शहर पुरानं हवालदिल झालं होतं. जून ते सप्टेंबर यातलं काही नाही. मगरींच्या पाट्या मात्र बारा महिने.

आता पैशाचं. कॅरॅव्हॅन पार्कमध्ये विजेच्या जोडणीसकट एक जागा मिळते. दर हंगामानुसार बदलतो, रात्रीला 50 डॉलर धरा. आठवड्याचा किंवा महिन्याचा मुक्काम केला की सूट. डिझेल दुपटीच्या आसपास लागतं, त्यामुळं एका बाजूचा खर्च नऊशे-हजार डॉलर सहज. हे भागतं ते सुपरॲन्युएशनमधून, म्हणजे आपल्या पीएफसारखी पगारातून साठलेली रक्कम, आणि 67 व्या वर्षानंतर मिळणाऱ्या सरकारी पेन्शनमधून. ही पेन्शन देताना सरकार मालमत्ता मोजतं, पण राहतं घर त्यात धरत नाही. घर सोडून तात्पुरतं बाहेर राहिलात तरी 12 महिन्यांपर्यंत ते राहतं घरच मानलं जातं. तीन-चार महिन्यांच्या भटकंतीनं पेन्शनला धक्का लागत नाही, हे त्यामागचं गणित.

पार्कमधलं आयुष्य म्हणजे जुन्या चाळीची आठवण यावी असं. कॅरॅव्हॅनला कनात लावली की झाली ओटी. सकाळी कपडे धुवायच्या खोलीत गाठीभेटी, दुपारी चार-पाचला प्रत्येकजण आपापली खुर्ची आणि आपापलं पेय घेऊन एका झाडाखाली. कोण कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन करून आलं, कुणाची नात शाळेत जायला लागली, सगळी खबर तिथं.

स्थानिकांच्या मनात याबद्दल दोन्ही भावना असतात. दुकानदार खूश. पण भाड्याची घरं परवडत नाहीत म्हणून कॅरॅव्हॅन पार्कमध्येच कायम राहणारी माणसंही क्वीन्सलँडमध्ये आहेत, आणि हिवाळी पाहुणे आले की त्यांच्या जागांवर ताण येतो. पाहुण्यांच्या खुर्च्यांभोवती हा विषय फारसा निघत नाही.

तिथं निघणारा विषय वेगळा. गाडी कोण चालवणार?

बहुतेक जोडप्यांत ओढायचं काम नवऱ्याकडं. बायको नकाशा बघते, मुक्काम ठरवते, रिव्हर्स घेताना मागं उभी राहून हात करते. पंधरा वर्षं हे झकास चालतं. आणि एका सकाळी त्यांना हॉस्पिटलात भरती करावं लागतं. डॉक्टर सांगतात की आता काही आठवडे गाडी नाही. घर अडीच हजार किलोमीटरवर, मागं अडीच टन वजन, आणि त्यांनी हे आजवर कधी ओढलेलंच नाही. मग मुलगा विमानानं येतो, किंवा पैसे देऊन कुणाकडून तरी कॅरॅव्हॅन खाली पाठवावी लागते.

म्हणून आता अनेक बायका त्या ओढायच्या वर्गात नाव घालतात. आपल्या गोष्टीतल्या नर्सबाईंनीही घातलं. रिकाम्या मैदानात प्लास्टिकच्या कोनांमधून रिव्हर्स. कॅरॅव्हॅन डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवायचं, हे हाताला पटायला सकाळ गेली. आता न्यूएल हायवेवर दोन तास ते, दोन तास त्या.

सप्टेंबर संपत आला की उत्तरेत दमटपणा वाढतो आणि कनाती उतरायला लागतात. पार्कच्या ऑफिसात निघायच्या दिवशी रांग लागते, पुढच्या जूनसाठी तीच जागा राखून ठेवायला. झाडाखालची, बाथरूमपासून फार लांब नसलेली. अनामत भरताना काउंटरवरची मुलगी विचारते, बुकिंग कुणाच्या नावावर करू? हल्ली बरीच जोडपी दोघांचीही नावं सांगतात.