सर्व्हर चालू आहे, पण कॉम्प्युटरला सापडत नाही? आधी डीएनएस बघा

ऑफिसात दहा-बारा कॉम्प्युटर झाले, विंडोज सर्व्हर बसवला, डोमेन केलं, टॅलीचा डेटा त्यावर टाकला. आणि मग सुरू होतं... लॉगिनला पाच मिनिटं, शेअर केलेलं फोल्डर गायब. रीस्टार्ट केलं की चालतं, दुपारी परत तेच. २० तारखेला, जीएसटीआर-३बी भरायच्या दिवशी हे झालं तर विचारूच नका. बरेच जण अशा वेळी नवा स्विच, नवी केबल घेतात. थांबा, खर्च करण्याआधी डीएनएस तपासा.

डीएनएसचं काम नावावरून पत्ता सांगणं, मोबाईलच्या कॉन्टॅक्ट लिस्टसारखं. डोमेनमध्ये त्याला अजून एक काम असतं. लॉगिन करताना कॉम्प्युटर त्यालाच विचारतो, 'आपल्या डोमेनचा सर्व्हर कुठे आहे?' ही नोंद तुमच्या सर्व्हरवरच्या डीएनएसमध्येच असते. गूगलच्या ८.८.८.८ ला तुमच्या ऑफिसमधलं काय माहीत?

आता खरी गोम. कॉम्प्युटरमध्ये पहिला डीएनएस सर्व्हरचा आणि दुसरा, 'सेफ्टी'साठी, ८.८.८.८ टाकलेला असतो. लोकांना वाटतं, पहिल्याकडे नाव नसलं तर दुसरा शोधून देईल. तसं होत नाही. पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर विंडोज दुसऱ्याकडे जातं. सर्व्हर जरा अडकला की प्रश्न गूगलकडे जातो, गूगल म्हणतं 'असं नावच नाही', आणि विंडोज ते खरं मानून थोडा वेळ लक्षातही ठेवतं. म्हणून त्रास कायम नसतो, अधूनमधून होतो, आणि टेक्निशियन आला की नेमकं सगळं नीट चालतं!

मग करायचं काय? सर्व्हरला फिक्स आयपी द्या, समजा १९२.१६८.१.१०. (हा ऑफिसच्या आतला आयपी. इंटरनेट कंपनीकडून पैसे भरून घ्यायचा तो वेगळा, त्याची इथे गरज नाही.) सगळ्या कॉम्प्युटरना डीएनएस म्हणून हाच एक पत्ता. प्रत्येक मशीनवर हाताने टाकत बसू नका, राउटरच्या डीएचसीपीमध्ये बदला. काही राउटरमध्ये तो बदलताच येत नाही. तिथे राउटरचं डीएचसीपी बंद करून सर्व्हरवर चालू करा. राउटर आयपीव्ही६ चा स्वतःचा डीएनएस वाटतोय का तेही बघा, हे हमखास राहून जातं.

आणि इंटरनेट? ८.८.८.८ ची जागा सर्व्हरवर आहे, डीएनएस मॅनेजरमधल्या फॉरवर्डर्समध्ये. बाहेरचं नाव आलं की सर्व्हर स्वतः तिकडे विचारतो.

'सर्व्हर बंद पडला तर इंटरनेटही जाईल ना?' हो, जाईल. त्यावर नीट उपाय म्हणजे दुसरा डोमेन कंट्रोलर, आणि त्याचा पत्ता दुसरा डीएनएस म्हणून देणं. तो खर्च झेपत नसेल आणि कॉम्प्युटर चार-पाचच असतील, तर माझ्या मते डोमेनच्या भानगडीत पडूच नका, वर्कग्रुपवर भागतं.

बदल केल्यावर एका कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस', मग 'एनएसलुकअप' आणि पुढे तुमच्या डोमेनचं नाव. उत्तर देणारा पत्ता १९२.१६८.१.१० दिसला तर जमलं. राउटरचा किंवा गूगलचा दिसला, तर त्या मशीनवर कोणीतरी हाताने डीएनएस टाकून ठेवलेला असू शकतो. तसं असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन तो काढा.