स्कोअरशीटवर त्याचे फक्त फाऊल दिसतात
संघ बांधताना : भाग ५

मागच्या भागात बॉल वर आणणारा गार्ड कसा निवडायचा ते पाहिले. या आठवड्यात बचाव, आणि त्याची सुरुवात कागदापासून.

सामना संपल्यावर टेबलावरची स्कोअरशीट एकदा हातात घेऊन बघा. डावीकडे खेळाडूंची नावे आणि प्रत्येक नावापुढे फाऊलचे पाच छोटे चौकोन. उजवीकडे आकड्यांच्या उभ्या रांगा. बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा क्रमांक; तीन गुणांची असेल तर त्या क्रमांकाभोवती गोल. रिबाउंड कोणी घेतला, पास कोणी हाताने तोडला, समोरच्याला डाव्या हाताने खेळायला कोणी भाग पाडले, यातले काहीही त्या कागदावर येत नाही. जीव तोडून बचाव करणारा मुलगा तिथे दिसतो तो फक्त फाऊलच्या चौकोनांत. आणि आपल्याकडे निवड समितीसमोर बहुधा हाच एक कागद असतो.

शालेय स्पर्धेत हे फारसे बोचत नाही. तिथे भंडाऱ्याची जिंकलेली शाळा तशीच्या तशी विभागाला जाते, मुले एकमेकांना ओळखत असतात. अडचण येते ती जिल्ह्याचा निवडसंघ करताना. तुमसरचा एक, साकोलीचा एक, पवनीचे दोन, भंडारा शहरातले चार असे करत करत बारा जण उचलायचे. तेव्हा हमखास ऐकू येते, ‘सर, त्या पोट्ट्यानं वीस मारले ना!’ मारले असतील. पण आपापल्या शाळेत बॉल सतत ज्यांच्या हातात असतो असे बारा जण एकत्र आले, तरी मैदानावर बॉल एकच आणि शॉटसाठी सेकंद चोवीसच. अकरावा-बारावा ‘स्टार’ मग करणार काय? बेंचवर रुसून बसतो, नाहीतर आत आल्या आल्या पंचवीस फुटांवरून फेकतो.

आपल्या वाचकांना कबड्डी चांगली कळते, म्हणून तिचाच आधार घेतो. कबड्डीत पकडीला गुण आहे. चढाईवाल्याइतकाच कोपऱ्यातला गडीही फलकावर दिसतो, आणि म्हणून त्याला भाव मिळतो. पुणेरी पलटणने इराणच्या महंमदरेझा शादलूला २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतले. प्रो कबड्डीच्या त्या दहाव्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण त्याचे होते आणि विजेतेपद पलटणचे. पुढच्या हंगामात तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला. त्या वेळी हरियाणा जिंकली. पकडीचा हिशेब कागदावर असल्यामुळे मालकांना असला गडी ओळखायला वेळ लागला नाही. बास्केटबॉलमध्ये अडवण्याला गुण नाही, तेव्हा तो हिशेब आपणच ठेवायचा.

बेन वॉलेसचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. एनबीएच्या १९९६ च्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने निवडले नाही. सेंटर म्हणून उंची कमी, फ्री थ्रो तर बघवत नसत. साऱ्या कारकिर्दीत सामन्यामागे सरासरी सहा गुणही नाहीत. तरी तो चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि २००४ च्या अंतिम मालिकेत त्याच्या डेट्रॉइट पिस्टन्सने शाकिल ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन अशा नावांनी भरलेल्या लेकर्सला ४-१ ने हरवले. आपल्या निवड चाचणीत वॉलेस आला असता तर पहिल्याच फेरीत घरी गेला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

एनबीएतल्याच शेन बॅटिएची गोष्ट आणखी बारीक. २००९ मध्ये मायकेल लुईसने त्याच्यावर न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लांबलचक लेख लिहिला. कोबी ब्रायंटला अडवताना बॅटिए बॉलवर झडप घालत नसे, ब्लॉकच्याही मागे लागत नसे. कोबी जिथून कमी यशस्वी आहे तिकडे त्याला ढकलत न्यायचे, आणि तो शॉट घ्यायला उठला की त्याच्या डोळ्यांसमोर तळहात धरायचा. बस. शॉट चुकला तर आकडेवारीत बॅटिएच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही.

मग आपण काय लिहायचे? बाद झालेल्या संघातल्या दोन चुणचुणीत मुलांना वही देऊन बेंचमागे बसवा. एकाने एवढेच टिपायचे: समोरच्या संघाची प्रत्येक चढाई कशी संपली आणि तेव्हा कोण कोणाला अडवत होते. दुसऱ्याने तीन खुणा करायच्या: बॉलला हात लागला, शॉटच्या वेळी तोंडासमोर हात होता, शॉट उडाल्यावर आपला माणूस पाठीने अडवला. ही तिसरी खूण मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे उंच मुले कमी, आणि सहा फुटी मुलगा दिसला की त्याला सेंटर म्हणून टाकायची घाई. पण वेळेवर पाठ लावणारा साडेपाच फुटी मुलगा उंच मुलाला रिबाउंडपासून दूर ठेवतो. मग बॉल स्वतः त्याच्या हातात नाही आला तरी चालते.

बदली खेळाडू आत-बाहेर होताना त्या क्षणाचा स्कोअरही लिहून ठेवा. समजा, एक मुलगा अठरा गुण करतो, पण तो आत असताना संघ सहाने मागे पडतो. दुसरा चारच करतो आणि त्याच्या वेळी संघ पाचने पुढे जातो. एका सामन्यावरून निकाल देऊ नका, कारण चारचा मुलगा समोरच्यांच्या दुबळ्या फळीपुढे खेळलेला असू शकतो. तीन-चार सामन्यांत तेच दिसले तर मात्र दखल घ्या.

फाऊलही वाचता आले पाहिजेत. पाय उशिरा पोहोचले की हात पुढे जातो. तो फाऊल आळसाचा. उघड्या लेअपवर नियमात राहून बॉलवर हात घालताना झालेला फाऊल वेगळा. स्कोअरशीटवर दोन्ही सारखेच.

जिल्ह्यात बहुतेक संघ २-३ झोन (दोन पुढे, तीन मागे) लावतात, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण बाहेरून फेकणारे हात कमी. विभागात नागपूरची पोरे ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून धडाधड टाकू लागली की झोन ताणला जातो आणि मधला माणूस उघडा पडतो. म्हणून माझा क्रम असा: आधी बॉलवर दबाव टाकणारा एक गार्ड, मग झोनच्या मध्यात उभा राहून सतत ओरडणारा एक, आणि त्यानंतर गुण करणारे. ‘डावीकडून कट आला’, ‘स्क्रीन आहे’ हे सांगणारा आवाज पाहिजेच. मध्यातल्याला सगळे मैदान दिसते. तोच मुका असेल तर बाकीचे चार आंधळे.

निवड चाचणीत लेअपच्या रांगा लावून आणि एक सामना खेळवून हे कळत नाही. दहा मिनिटे शेल ड्रिल घ्या: चार जण बाहेर पास फिरवतील, शॉट नाही, आणि चौघे बचावपटू प्रत्येक पासबरोबर सरकतील. पास हवेत असतानाच कोण निघतो, कोण बॉल पोहोचल्यावर जागा होतो, कोण बोलतो, हे दोन मिनिटांत उघड होते. उरलेली आठ मिनिटे दमल्यावर कोण काय करतो ते बघायला.