डॉग फूडचं पाकीट कसं वाचायचं? घटकांच्या यादीतून काय कळतं आणि काय कळत नाही

मोबाईल घ्यायचा असला की आपण रॅम किती, प्रोसेसर कोणता, बॅटरी किती, सगळं तपासून बघतो. पण कुत्र्याचं खाणं घेताना पाकिटावरचा फोटो, दुकानदाराचा शब्द आणि किंमत एवढ्यावरच काम भागवतो. खरं तर डॉग फूडच्या पाकिटामागेही सगळी माहिती छापलेली असते. ती वाचायची कशी, हे आज आपण सोप्या भाषेत बघणार आहोत.

हे महत्त्वाचं का? आपल्याला सकाळच्या जेवणात काही कमी पडलं तर ते संध्याकाळी भरून निघतं. कुत्र्याला ती सोय नाही. तेच पाकीट, तेच दाणे, दिवसातून दोनदा आणि कित्येक वर्षं. त्या दाण्यांत एखादी गोष्ट कमी असली तर ती रोजच कमी पडते.

यादीचा पहिला नियम: जास्त वजन, आधी नंबर

पाकिटाच्या मागे 'इन्ग्रेडियंट्स' या शब्दाखाली घटकांची यादी असते. त्यात ज्याचं वजन सर्वात जास्त, ते सर्वात आधी लिहितात. पण इथे एक मेख आहे. हे वजन शिजवण्याच्या आधीचं, म्हणजे घटकातल्या पाण्यासकट धरलेलं असतं.

उदाहरण घेऊ. समजा १०० किलो मालात २५ किलो ताजं चिकन आणि २० किलो तांदूळ घातला. यादीत चिकन पहिलं येणार. पण ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं. ते उडालं की २५ किलोतून उरतं फक्त साडेसात किलो. तांदूळ मुळातच कोरडा, त्यात पाणी १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे त्याचे साडेसतरा किलो शिल्लक राहतात. तयार दाण्यात चिकनपेक्षा तांदूळ दुपटीहून जास्त झाला! लेबल खोटं नाही, पण 'पहिला घटक चिकन' एवढं वाचून खूश होण्यात अर्थ नाही.

एकाच धान्याची तीन नावं

आता ही यादी बघा: चिकन मील, मका, कॉर्न ग्लुटेन, कॉर्न ब्रॅन. वरवर पाहता चिकन पहिल्या नंबरावर आहे. पण पुढचे तिन्ही घटक मक्याचेच आहेत. समजा चिकन मील २० टक्के, मका १५, ग्लुटेन १० आणि ब्रॅन म्हणजे कोंडा ८ टक्के. मक्याची बेरीज झाली ३३ टक्के. एकच धान्य तुकड्यांत विभागून लिहिलं की प्रत्येक तुकडा यादीत खाली सरकतो. वाटाणा, वाटाणा प्रोटीन, वाटाणा फायबर असंही दिसतं. म्हणून पहिले पाच-सहा घटक वाचताना एका कुळातली नावं एकत्र मोजा.

काही पाकिटांवर तर 'सीरियल्स अँड सीरियल बाय-प्रॉडक्ट्स' किंवा 'मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स' अशी गटाचीच नावं असतात. यातून धान्य कोणतं आणि मांस कोणत्या प्राण्याचं, काहीच कळत नाही. शिवाय बाजारभावाप्रमाणे घटक बदलायला कंपनीला मोकळीक मिळते. तुमच्या कुत्र्याला एखाद्या मांसाची अॅलर्जी असेल तर असं लेबल उपयोगाचं नाही. नेमकं नाव लिहिणारं लेबल केव्हाही बरं.

'मील' आणि 'बाय-प्रॉडक्ट' म्हणजे भेसळ नव्हे

'चिकन मील' वाचून बरेच जण नाक मुरडतात. पण मील म्हणजे चिकन शिजवून, त्यातलं पाणी आणि बरीचशी चरबी काढून केलेली भुकटी. पाणी गेल्यामुळे तिच्यात वजनाच्या मानाने ताज्या चिकनपेक्षा कितीतरी जास्त प्रोटीन असतं. चांगल्या मालापासून केलेलं मील उत्तम असतं, हलक्या मालापासून केलेलं हलकं. दुर्दैवाने हा फरक यादीवरून दिसत नाही.

बाय-प्रॉडक्टचंही तसंच. यात कलेजी, फुफ्फुस, प्लीहा, गुर्दा असे भाग येतात. अमेरिकेतल्या व्याख्येप्रमाणे केस, शिंगं, खूर आणि दात यात चालत नाहीत. मटणाच्या दुकानात आपण कलेजी मुद्दाम मागून घेतो, मग कुत्र्याच्या पाकिटातली कलेजी कचरा कशी? ती तर व्हिटॅमिन ए आणि लोहाने भरलेली असते.

धान्य वाईट असतं का?

'ग्रेन फ्री' लिहिलेलं पाकीट महाग असतं, म्हणून ते चांगलंच असणार असा समज आहे. कुत्रा लांडग्याचा नातेवाईक आहे हे खरं. पण माणसाबरोबर राहून त्याचं पोटही बदललं. २०१३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनात असं दिसलं, की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज या एन्झाइमच्या जीनच्या प्रती कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा बऱ्याच जास्त असतात. म्हणजे नीट शिजवलेला भात किंवा मका बहुतेक कुत्र्यांना व्यवस्थित पचतो.

शिवाय कोरडे दाणे बनतात एक्स्ट्रूजनने. पीठ, मांस आणि वाफ एकत्र करून, दाबाखाली गरम करून साच्यातून बाहेर ढकलतात. आपल्याकडचे कुरकुरीत फुगलेले स्नॅक्स ज्या तंत्राने होतात, तेच हे. दाणा फुगायला आणि धरून राहायला स्टार्च लागतोच. म्हणून ग्रेन फ्री पाकिटात धान्याच्या जागी बटाटा, वाटाणा किंवा मसूर असतो. ते 'कार्बोहायड्रेट फ्री' नसतं.

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर केलं, की डाळी आणि बटाटे जास्त असलेल्या, बहुतेक करून ग्रेन फ्री खाण्याचा आणि कुत्र्यांच्या डीसीएम या हृदयरोगाचा काही संबंध आहे का, याचा तपास सुरू आहे. थेट कारण सिद्ध झालं नाही. पण ठोस गरज नसताना फक्त फॅशन म्हणून धान्य टाळू नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

प्रोटीनचा आकडा: आधी पाणी वजा करा

यादीजवळच एक तक्ता असतो. त्यात प्रोटीन आणि फॅट कमीत कमी किती, फायबर आणि मॉइश्चर जास्तीत जास्त किती, ते दिलेलं असतं. आता कोरड्या दाण्यांत २४ टक्के प्रोटीन आणि ओल्या ग्रेव्हीच्या पाऊचमध्ये ८ टक्के. जास्त कशात?

पाणी वजा करून बघू. दाण्यांत १० टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग ९०. २४ भागिले ९० म्हणजे जवळपास २७ टक्के. पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी, कोरडा भाग १८. ८ भागिले १८ म्हणजे ४४ टक्के! कोरडं आणि ओलं खाणं असं पाणी काढूनच तोलायचं.

अमेरिकेतली आफ्को ही संस्था पोषणाचे जे किमान आकडे ठरवते, तेही कोरड्या भागावरच असतात. मोठ्या कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रोटीन आणि ५.५ टक्के फॅट. पिल्लं आणि गाभण किंवा दूध पाजणारी मादी यांच्यासाठी २२.५ टक्के प्रोटीन आणि ८.५ टक्के फॅट.

पण थांबा, 'क्रूड प्रोटीन' मधला 'क्रूड' शब्द विसरू नका. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. तो नायट्रोजन मांसातून आला की पिसांतून, हे या चाचणीला कळत नाही. २००७ मध्ये याचाच गैरफायदा घेतला गेला. चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन, त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन. चाचणीत प्रोटीन भरपूर दिसलं, आणि प्रत्यक्षात कुत्र्या-मांजरांच्या किडनीत खडे होऊन अनेक प्राणी दगावले. कोट्यवधी डबे आणि पाऊच परत मागवावे लागले. लेबलवर तेव्हाही सगळं नीटनेटकंच होतं.

नावातली गंमत

आफ्कोच्या नियमांत पाकिटावरच्या नावालाही अर्थ आहे. नुसतं 'चिकन फॉर डॉग्स' म्हणायचं तर पाणी सोडून ९५ टक्के चिकन लागतं. 'चिकन डिनर' म्हणायला २५ टक्के पुरतं. 'विथ चिकन' असेल तर फक्त ३ टक्के. आणि 'चिकन फ्लेवर' असेल तर चव लागण्यापुरतं. आपल्याकडे सगळी पाकिटं या नियमाने बांधलेली नाहीत, त्यामुळे समोरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं जास्त मोलाची.

तीच गोष्ट ब्लूबेरी, पालक, हळद यांची. यादीत मीठ कुठे आहे ते शोधा. मीठ साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतं. त्याच्या खाली लिहिलेली फळं-भाज्या त्याहूनही कमी. व्हिटॅमिन आणि मिनरल्स मात्र कमीच लागतात, ते खाली असले तरी चिंता नको.

सर्वात महत्त्वाची ओळ

घटक वाचून झाले? आता 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' हे शब्द शोधा. याचा अर्थ, दुसरं काही न देता फक्त यावर कुत्रा निरोगी राहू शकतो. पाकिटावर 'कॉम्प्लिमेंटरी' असं असेल तर ते तोंडीलावणं आहे, जेवण नाही. बऱ्याच ट्रीट्स आणि काही ग्रेव्ही पाऊच या प्रकारातले असतात. लोक रोज तेवढंच देत राहतात आणि मग केस का गळतायत म्हणून डॉक्टरकडे जातात.

ही ओळ कोणत्या वयासाठी आहे तेही बघा. मोठ्यांचं खाणं पिल्लाला देऊ नका. आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींचं पिल्लू असेल तर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचंच खाणं निवडा. इथे एक चूक फार घरांत होते: चांगलं पपी फूड चालू असतानाही हाडं मजबूत व्हावीत म्हणून वरून कॅल्शियमचं सिरप. लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही, आणि त्यातून हाडांची वाढ बिघडू शकते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे देऊच नका.

'आफ्को अप्रूव्ड' असं कोणी सांगितलं तर मात्र सावध व्हा. आफ्को फक्त मानकं ठरवते. कुठल्याही खाण्याला ती मंजुरी देत नाही की स्वतः तपासत नाही.

जे यादीत कधीच दिसत नाही

घटक किती ताजे होते, किती पचतात, फॅक्टरीत प्रत्येक बॅच तपासतात का, हे कुठलीच यादी सांगत नाही. म्हणून जगभरातल्या पशुवैद्यांची डब्ल्यूएसएव्हीए ही संघटना कंपनीलाच प्रश्न विचारायला सांगते. खाणं कोणी ठरवलं, त्यांचं पोषणशास्त्रातलं शिक्षण काय, ते बनतं कुठे, तपासणी कशी होते? कस्टमर केअरला एक ईमेल टाका. सरळ उत्तर देणारी कंपनी आणि टोलवाटोलवी करणारी कंपनी, फरक लगेच कळतो.

आणि सुट्टं खाणं! अनेक दुकानांत मोठं पोतं फोडून किलोवर दाणे विकतात. त्यात लेबल नाही, बॅच नंबर नाही, पोतं कधी फोडलं ते माहीत नाही. दाण्यांवरची चरबी हवा आणि उष्णतेने खवट होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तर लवकरच. त्यापेक्षा महिन्याभरात संपेल एवढंच छोटं बंद पाकीट घ्या, आणि डब्यात ओतायचं तर पाकिटासकट ठेवा.

दुकानात उभं राहून दोन मिनिटांत

१. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आहे का, आणि तुमच्या कुत्र्याच्या वयासाठी आहे का?
२. पहिल्या पाच-सहा घटकांत मांसाचं नेमकं नाव आहे का? एकच धान्य तीनदा तर आलं नाही ना?
३. पाणी वजा करून प्रोटीन आणि फॅट किती?
४. बॅच नंबर, तारीख, कंपनीचा पत्ता आणि फोन आहे का?
५. १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती? जास्त कॅलरीचं खाणं कमी लागतं, म्हणून किलोचा भाव न बघता दिवसाचा खर्च काढा.

खाणं बदलायचं ठरलं तर एका दिवसात बदलू नका. सात ते दहा दिवसांत जुनं कमी आणि नवं जास्त करत जा, नाहीतर जुलाब ठरलेले. पुढचे दोन महिने शी बांधून होते का, केसांना चमक आहे का, वजन वाढतं की घटतं, यावर लक्ष ठेवा. आजार असेल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल तर पाकिटं बदलत बसू नका, आधी पशुवैद्यांना दाखवा. आज घरी असलेलं पाकीट उलटं करून एकदा वाचून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.