व्यापारनामांचे सामान्यनामीकरण : पोहण्याच्या पोषाखांची काही नावे

व्यापारनाम सामान्यनाम झाले म्हणजे अर्थविस्तार झाला, एवढे म्हणून आपण बहुधा थांबतो. ‘डालडा’ हे एका उत्पादनाचे नाव मराठीत कोणत्याही वनस्पती तुपास लावले जाते, त्यापुरते हे ठीकच आहे. पोहण्याच्या पोषाखांच्या नावांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

अलेक्झांडर मॅक्रे यांनी सिडनी येथे १९१४ मध्ये स्थापन केलेल्या विणकाम-कारखान्याने १९२८ मध्ये आपल्या पोषाखांस ‘स्पीडो’ हे नाव दिले. या नावाखाली स्त्रीपुरुषांचे नानाविध पोषाख निघतात; परंतु अमेरिकन इंग्रजीत ‘स्पीडो’ म्हणजे पुरुषांची आखूड, घट्ट बसणारी चड्डी, मग ती कोणत्याही कारखान्याची असो. उत्पादकाच्या दृष्टीने येथे अर्थाचा विस्तार झाला, वस्तूच्या दृष्टीने संकोच. विस्तार आणि संकोच यांचे आपले पाठ्यपुस्तकी वर्गीकरण येथे अपुरे पडते. (इंग्रजी लेखनात आद्याक्षर लहान झाले की हे स्थित्यंतर डोळ्यांना दिसते, नागरी लिपीत ती सोय नाही.)

‘बिकिनी’ची कथा निराळी आहे. १ जुलै १९४६ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी या प्रवाळद्वीपावर अणुस्फोट केला. चारच दिवसांनी लुई रेआर यांनी पॅरिसमध्ये आपला दोन तुकड्यांचा पोषाख त्या नावाने लोकांपुढे आणला. झाक एम यांनी तत्पूर्वी तशाच पोषाखास दिलेले ‘आतोम’, म्हणजे अणू, हे नाव मागे पडले. योगायोग असा की, सामान्यनाम बनलेल्या व्यापारचिन्हाची नोंदणी रद्द करण्याची तरतूद असलेला अमेरिकेचा लॅनहॅम कायदा संमत झाला तोही ५ जुलै १९४६ रोजीच.

या स्थलनामाचे मार्शली भाषेतील घटक ‘पिक’ (पृष्ठभाग) व ‘नी’ (नारळ) असे सांगतात. पाश्चात्त्य भाषकांनी मात्र आरंभीच्या ‘बि’मध्ये ‘दोन’ हा लॅटिन अर्थ पाहिला. रूडी गर्नराइख यांनी १९६४ मध्ये ‘मोनोकिनी’ काढली, आणि ‘किनी’ प्रत्ययासारखे वावरू लागले. स्फोटांसाठी मार्च १९४६ मध्ये १६७ रहिवाशांना ज्या बेटावरून हलविण्यात आले, त्याच्या नावातील नारळ अशा रीतीने पार नाहीसा झाला.

त्याच घटकापासून ऑस्ट्रेलियातील अहेदा झनेट्टी यांनी २००४ च्या सुमारास ‘बुर्किनी’ हे नाव घडविले व व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले. २०१६ मध्ये फ्रान्समधील काही किनारी नगरांनी अशा सर्वांग झाकणाऱ्या पोषाखांवर बंदी घातली, तेव्हा वृत्तपत्रांनी कोणाही उत्पादकाच्या पोषाखास तोच शब्द लावला. त्यांपैकी व्हिलनव्ह-लूबे येथील बंदी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्ट रोजी स्थगित केली. शब्दाचा सामान्य अर्थ मात्र तसाच राहिला. अशा शब्दाची नोंद कोशकाराने सामान्यनाम म्हणूनच करावी, आणि नोंदणीकृत मालकीचा निर्देश व्युत्पत्तीच्या जागी करावा, असे आमचे मत आहे.