पद्मिनीचे गॅस्केट

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी आमच्या कारंजा (घाडगे) येथील घरी अजून आहे. वडिलांनी दुकानाच्या कमाईतून घेतलेली. गेल्या उन्हाळ्यात नागपूरहून येताना ती तापली. काडी काढून पाहिली, तर तेल दुधाळ! हेड गॅस्केट फुटून पाणी तेलात उतरले होते.

एका कारागिराने जुनेच गॅस्केट भरपूर सीलंट लावून बसविले. आठवड्यात पुन्हा तेच. एकदा दाबले गेलेले गॅस्केट पुन्हा तशी पकड घेत नाही, आणि जादा सीलंट तेलाच्या वाटा बुजविते. पैसे वाचविण्याचा मोह आमचाच. दोष त्याला काय द्यावा!

मग नवे आणले. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे न खरवडता ओले करून काढले. हेडवर पोलादी पट्टी आडवी-तिरपी ठेवून ते वाकलेले नाही, याची खात्री केली. नट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळले. ऑइल सीलही बदलले. त्याचा ओठ तेलाने ओला करून तेलाच्या बाजूस ठेवला. तेल अर्थातच नवे भरले.

परवा आईला तळेगावपर्यंत फिरवून आणले. उतरताच तिने विचारले, "काडी पाहिलीस का?"

पाहिली. तेल स्वच्छ होते.